एसआयआरएनए की क्रिस्पर: जनुक बंद करताना भरवसा कशावर?

एसआयआरएनए म्हणजे आरएनएचा छोटा दुहेरी तुकडा; तो जनुकाचा संदेश नेणारा आरएनए नष्ट करतो. त्याचा परिणाम ४८ ते ७२ तासांत दिसतो, पण जनुक पूर्ण बंद पडत नाही. प्रथिन टिकाऊ असेल तर आरएनए घटूनही ते पेशीत उरतं. खरी डोकेदुखी वेगळीच: मार्गदर्शक धाग्यातली (दोन धाग्यांपैकी लक्ष्य ओळखणाऱ्या धाग्यातली) २ ते ८ क्रमांकाची न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएचे घटक, दुसऱ्या आरएनएशी जुळली, की भलतीच जनुकंही दबतात. म्हणून मात्रा ५–१० नॅनोमोलरच्या आसपास ठेवावी, त्याच जनुकासाठी किमान दोन वेगळ्या क्रमांचे एसआयआरएनए वापरावेत आणि एसआयआरएनएला न जुळणारी जनुकाची प्रत घालून परिणाम उलटतो का, हे पाहावंच.

क्रिस्पर हे जनुक-संपादनाचं तंत्र थेट डीएनए कापतं, त्यामुळे निकाल अधिक स्वच्छ. मात्र कापलेला डीएनए जुळताना ३च्या पटीत न्यूक्लिओटाइड गळाली तर वाचनचौकट (न्यूक्लिओटाइड तीन-तीनच्या गटांत वाचण्याची चौकट) सरकत नाही, प्रथिन काम करतच राहू शकतं. म्हणून वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन उरलं का हे दाखवणारी चाचणी, टाळू नये. जनुक पेशीच्या जगण्यालाच आवश्यक असेल, तर ते पूर्ण बंद न पाडणारा एसआयआरएनएच बरा.