थ्रस्ट व्हेक्टरिंग: सुखोई-३० एमकेआय की एफ-२२?

थ्रस्ट व्हेक्टरिंग म्हणजे इंजिनाच्या झोताची दिशा बदलून विमान वळवणे. भारताच्या सुखोई-३० एमकेआय या लढाऊ विमानाच्या एएल-३१एफपी इंजिनाचे गोल नॉझल (झोत बाहेर पडण्याचे तोंड) एकाच प्रतलात १५ अंशांपर्यंत वळते. मात्र दोन इंजिनांची ही दोन प्रतले उभ्या रेषेपासून ३२ अंश बाहेर कललेली असल्याने दोन्ही नॉझल वेगवेगळी वळवली की नाक डावी-उजवीकडेही फिरते. अमेरिकेच्या एफ-२२ या लढाऊ विमानाचे चपटे नॉझल फक्त वर-खाली, २० अंशांपर्यंत. म्हणून कमी वेगात नाक बाजूला वळवण्यात नाशिकजवळ ओझरला बांधलेले सुखोई सरस.

पण अशा तीव्र वळणात वेग झपाट्याने उतरतो. तो परत मिळवायचा तर आफ्टरबर्नर (झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा), म्हणजे इंधनाची उधळपट्टी. एफ-२२ आफ्टरबर्नरविना माख १.५ च्या, म्हणजे ध्वनीच्या दीडपट वेगाच्या, पुढे टिकते, शिवाय चपट्या नॉझलमुळे रडारवरची खूणही घटते. दुरून क्षेपणास्त्र डागायचे असेल तर कौल त्यालाच.