सायबर विमा घेऊन अकरा महिने: एका रेस्टॉरंटमालकाचा अनुभव

आमच्या रेस्टॉरंटसाठी सायबर लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे कॉम्प्युटरवरचा हल्ला किंवा माहितीची गळती यातून होणारं नुकसान आणि देणी यांचा विमा, घेतली त्याला या महिन्यात अकरा महिने झाले. सहाव्या महिन्यात क्लेम करायची वेळ आली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. क्लेमच्या आधी मी या पॉलिसीबद्दल दोन ओळी लिहिल्या असत्या, आता सांगण्यासारखं बरंच आहे.

घ्यायच्या आधी मी ब्रोकरला सरळ म्हणालो होतो, आमच्याकडे चोरण्यासारखा डेटा कुठला? आगीचा विमा आहे, चोरीचा आहे, ग्राहक घसरून पडला तर त्याचाही आहे. त्याने वाद घातला नाही. कागद पुढे केला आणि म्हणाला, तुम्ही लोकांची काय काय माहिती ठेवता ते लिहा. टेबल बुकिंगचं ॲप, त्यात चार वर्षांचे मोबाईल नंबर आणि वाढदिवस. बिलिंगचं सॉफ्टवेअर. कार्ड मशीन. ऑनलाइन ऑर्डरचे टॅब. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. पगारासाठी घेतलेली कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं आणि बँक खाती. पान भरलं. मग त्याने आगीची पॉलिसी उघडून दाखवली. तिथे 'मालमत्ता' म्हणजे हाताला लागणारी वस्तू. कॉम्प्युटर जळाला तर कॉम्प्युटरचे पैसे मिळतील, आतला हिशेब गेला तर त्याचे नाहीत. ग्राहक घसरून पडण्याच्या पॉलिसीतही माहितीची गळती स्पष्ट शब्दांत वगळलेली होती. मी सही केली ती या दोन कलमांमुळे.

आता घटना. शुक्रवारची संध्याकाळ, पावणेसात. कॅप्टनने पहिल्या टेबलाची ऑर्डर टाकली, पण आत केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, निघाला नाही. प्रिंटरचा कागद बदलला, तरी नाही. दुसरं टेबल, तेच. मागच्या ऑफिसात गेलो तर स्क्रीनवर सगळ्या फाइलींच्या नावापुढे कसलीतरी अक्षरं चिकटलेली आणि मधोमध एक चिठ्ठी: फाइली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी तर या पत्त्यावर लिहा. धाकट्या भावाचा हात भिंतीवरच्या स्विचवर होता. "दादा, बंद करू का?"

पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा चोवीस तासांचा नंबर मी तोवर लावला होता. पलीकडच्या बाईंनी पहिलंच वाक्य सांगितलं, "बंद करू नका. चालू राहू द्या, फक्त नेटवर्कची वायर काढा आणि वाय-फाय बंद करा." मशीन बंद केलं की त्याच्या तात्पुरत्या मेमरीतल्या खुणा पुसल्या जातात, आणि आत कोण कसा शिरला हे पुढे त्याच खुणांवरून कळतं. दुसरं सांगितलं, चिठ्ठीतल्या पत्त्यावर घरातल्या कुणीही एक अक्षर लिहायचं नाही. वीस मिनिटांत तपास करणारा माणूस फोनवर आला. त्या रात्री आम्ही कार्बन कागदाच्या बिलबुकावर धंदा केला. कार्ड मशीन स्वतःच्या सिमवर चालत होतं आणि बिलिंगला जोडलेलं नव्हतं, म्हणून पैसे घेणं थांबलं नाही. ऑनलाइन ऑर्डर मात्र पूर्ण बंद.

ही सेवा मला पैशांपेक्षा मोठी वाटली, हे मनापासून सांगतो. भाऊ, कॅप्टन आणि मी, आम्हा तिघांनाही त्या क्षणी काय करायचं नाही हे माहीत नव्हतं. पाच मिनिटं उशीर झाला असता तर स्विच बंद झाला असता.

चोर कुठून आला हे तीन दिवसांनी कळलं. बिलिंग सॉफ्टवेअर बसवताना सपोर्टच्या माणसाने दुरून मशीन चालवायचा एक प्रोग्राम टाकला होता. काम झालं, प्रोग्राम तसाच राहिला, पासवर्ड वर्षानुवर्षं तोच. हे रेस्टॉरंटच्या धंद्याचं जुनं दुखणं आहे. अमेरिकेत २०१४ मध्ये डेअरी क्वीन या साखळीच्या ३९५ दुकानांत कार्डचोरी झाली, ती बाहेरच्या सेवा कंपनीचा लॉगिन चोरून. वेंडीज या दुसऱ्या साखळीच्या हजाराहून जास्त फ्रँचायझी दुकानांत २०१५-१६ मध्ये तेच झालं, तिथेही वाट बाहेरच्या सपोर्टवाल्यांच्या लॉगिनची. बँकांनी केलेल्या दाव्यात वेंडीजने २०१९ मध्ये ५ कोटी डॉलरची तडजोड केली, त्यातला बराच भाग विम्यातून गेला. आमचं दुकान त्यांच्यापुढे मुंगीएवढं, पण दार तेच आणि तसंच उघडं.

इथेच प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरायच्या अर्जाची, गोष्ट सांगायला हवी, कारण क्लेम तिच्यावर तगला. फॉर्ममध्ये प्रश्न होता: दुरून लॉगिन होणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पासवर्डशिवाय दुसरी खात्री, म्हणजे मोबाईलवरचा कोड वगैरे, आहे का? मी 'हो' वर टिक करणार होतो, कारण ईमेलला होती. ब्रोकरने हात धरला. आम्ही खरं लिहिलं: ईमेलला आहे, बिलिंगच्या सपोर्टला नाही, त्यांना सांगितलं आहे. महिन्याभरात त्या कंपनीचं 'काम झालं' असं ईमेल आलं. प्रत्यक्षात त्यांनी ते काउंटरच्या मशीनवर केलं होतं, मागच्या ऑफिसातलं मशीन राहून गेलं होतं. क्लेम तपासणाऱ्याने पहिला कागद मागितला तो हाच. खरं लिहिलेला फॉर्म आणि ते ईमेल हातात होतं म्हणून पुढचं बोलणं झालं. अमेरिकेत २०२२ मध्ये ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीने इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस नावाच्या ग्राहकाविरुद्ध नेमक्या याच प्रश्नाच्या उत्तरावरून दावा लावला होता. फॉर्मवर 'आहे' लिहिलेलं, प्रत्यक्षात सगळीकडे नाही. शेवटी दोघांच्या संमतीने पॉलिसी मुळापासून रद्द झाली, जणू कधी घेतलीच नव्हती. त्यामुळे फॉर्म अकाउंटंटला 'भरून टाक' म्हणून देऊ नका. स्वतः बसा, आणि जे नाही ते नाही लिहा.

आता सर्वात मोठी तक्रार. धंदा बंद पडल्याची भरपाई सुरू व्हायच्या आधी पॉलिसीत 'वेटिंग पीरियड' असतो. आमचा आठ तासांचा होता. कागदावर आठ तास म्हणजे काहीच वाटत नाही, ऑफिस किंवा कारखान्याला ते चालूनही जातं. पण रेस्टॉरंटची कमाई घड्याळभर सारखी पसरलेली नसते. आठवड्याच्या कमाईचा मोठा घास शुक्रवार-शनिवारच्या चार-चार तासांत असतो. पावणेसातला मशीन बंद पडलं, आठ तास मोजले की पावणेतीन वाजतात. म्हणजे अख्खा शुक्रवार आमच्या खिशातून गेला आणि भरपाई सुरू झाली ती दुकान झोपलेलं असताना. सही करताना हा हिशेब मला सुचला नाही, ब्रोकरनेही काढला नाही. तुम्ही काढा. पॉलिसीतले तास तुमच्या गर्दीच्या वेळेवर ठेवून बघा.

शनिवार-रविवारची भरपाई मिळाली, पण ती सिद्ध करताना घाम निघाला. विमा कंपनी गल्ल्यात कमी पडलेली रक्कम देत नाही. बुडालेला निव्वळ नफा आणि दुकान अडलेलं असतानाही चालू राहिलेले खर्च, म्हणजे भाडं, पगार, याचा हिशेब लावते. त्यासाठी मागच्या बऱ्याच आठवड्यांचे त्याच वारांचे आकडे हवेत. आमचे आकडे कुठे होते? कुलूप लागलेल्या मशीनमध्ये. बॅकअपची डिस्क त्याच मशीनला कायम लावलेली होती, तीही गेली. सॉफ्टवेअरची ऑनलाइन प्रत रोज पहाटे निघत होती, तीवरून रविवारी दुपारी बिलिंग परत उभं राहिलं. खंडणी द्यावी लागली नाही. तरी महिन्यांचे अहवाल त्या प्रतीत नव्हते. ते शेवटी अकाउंटंटकडच्या फाइलींतून आणि कार्डवाल्या बँकेच्या रोजच्या जमा-पत्रकांतून जुळवले. क्लेम मिटायला अकरा आठवडे लागले, मधे तपासणारा माणूस दोनदा बदलला आणि तेच कागद तीनदा पाठवले. हे चुकीचंच आहे आणि मी तसं लेखी कळवलं आहे.

पैशांच्या पलीकडचा एक दिवस मला विसरता येत नाही. त्या मशीनमध्ये ग्राहकांची माहिती नव्हती, बुकिंगचं ॲप वेगळं होतं. पण कर्मचाऱ्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि खाते क्रमांक त्यातच होते, एकोणीस जणांचे. पॉलिसीतून मिळालेल्या वकिलांनी सांगितलं, माहिती बाहेर गेलीच असं दिसत नाही, पण गेली नाही असंही म्हणता येत नाही, तेव्हा त्यांना कळवा. सोमवारी दुपारी सगळ्यांना एकत्र बसवलं. भांडी घासणारा आमचा सर्वात जुना माणूस शांतपणे ऐकत होता. शेवटी विचारलं, "दादा, माझ्या खात्यातले पैसे आहेत ना?" मी तिथेच त्याच्या मोबाईलवर शिल्लक बघून दाखवली. पैसे होते. काय सांगायचं, कसं सांगायचं, पत्रात काय लिहायचं, कुणी त्यांच्या नावावर काही करू नये म्हणून कुठे लक्ष ठेवायचं, हे सगळं पॉलिसीच्या खर्चातून झालं. 'लायबिलिटी' हा शब्द मला तोवर ग्राहकांपुरता वाटत होता. पगारासाठी विश्वासाने दिलेले कागद मी एका उघड्या मशीनमध्ये ठेवले होते, आणि त्याचं उत्तर मलाच द्यायचं होतं.

क्लेमनंतर पॉलिसी परत ओळ न् ओळ वाचली. कार्डच्या बाबतीत एक जागा सगळ्यांनी बघावी. पी. एफ. चँग्ज या अमेरिकी रेस्टॉरंट साखळीकडून २०१४ मध्ये सुमारे ६०,००० कार्डांचे नंबर चोरीला गेले. त्यांच्याकडे सायबर पॉलिसी होती. तपास आणि वकील मिळून सुमारे १७ लाख डॉलर विमा कंपनीने दिले. पण कार्ड कंपन्यांनी लावलेला आकार कार्डांचे व्यवहार बघणाऱ्या बँकेमार्फत त्यांच्या माथी आला, तो होता सुमारे १९ लाख डॉलरचा. विमा कंपनीने तो नाकारला आणि २०१६ मध्ये ॲरिझोनातल्या संघीय न्यायालयाने विमा कंपनीचं म्हणणं मान्य केलं. कारण असं की, तो भार रेस्टॉरंटने बँकेशी केलेल्या करारात स्वतः स्वीकारला होता, आणि करारातून ओढवून घेतलेली देणी पॉलिसीत वगळलेली होती. कार्ड मशीन घेताना आपण सगळेच असा करार करतो. म्हणून 'पीसीआय', म्हणजे कार्ड कंपन्यांचे सुरक्षेचे नियम, त्यांचा दंड आणि आकार यांच्यासाठी वेगळं कलम आणि वेगळी रक्कम आहे का ते बघाच. आमच्यात आहे, पण एकूण रकमेच्या मानाने बरीच कमी.

दुसरी जागा म्हणजे दुसऱ्याचं मशीन पडलं तर काय. एप्रिल २०२३ मध्ये एनसीआर कंपनीवर खंडणीचा हल्ला झाला आणि तिच्या अलोहा या बिलिंग प्रणालीच्या काही सेवा बंद पडल्या. ती वापरणाऱ्या रेस्टॉरंटांची काही चूक नव्हती, तरी अडचण त्यांची झाली. आमच्या पॉलिसीत हे 'अवलंबून असलेला धंदा' अशा नावाने येतं, पण फक्त लेखी करार असलेल्या आयटी सेवेपुरतं. बिलिंगवाल्यांशी आमचा करार निव्वळ एका पावतीवर होता. तो आता नीट करून घेतला.

बनावट बिलाचं कलमही वाचा. नवव्या महिन्यात माल पुरवणाऱ्याच्या नावाने ईमेल आलं की बँक खातं बदललं आहे. पत्ता एका अक्षराने वेगळा होता. भावाने जुन्या नंबरवर फोन केला म्हणून वाचलो. अशा फसवणुकीची मर्यादा आमच्या पॉलिसीत एकूण रकमेच्या दहाव्या भागाएवढी आहे, आणि आधीच्या नंबरवर फोन करून खात्री केली नसेल तर तेवढंही नाही.

पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. मी तीन बदल मागितले होते. वेटिंग पीरियड आठवरून चार तास, कार्ड कंपन्यांच्या दंड-आकारासाठीची रक्कम वाढवून, आणि बनावट बिलाची मर्यादा वाढवून. पहिले दोन मान्य झाले, प्रीमियम थोडा वाढला. बॅकअपची डिस्क आता रात्री काढून ठेवतो आणि सपोर्टचा प्रोग्राम प्रत्येक मशीनवर जाऊन मी स्वतः तपासला, म्हणून फारसा वाढला नाही, असं ब्रोकर म्हणतो. तिसरा बदल नाकारला. त्यामुळे खातं बदलल्याचं कुठलंही ईमेल आलं तर फोन केल्याशिवाय आणि फोन करणाऱ्याची सही वहीत असल्याशिवाय पैसे जायचे नाहीत, असं आम्ही ठरवलं आहे. वही गल्ल्याखालच्या खणात असते आणि भाऊ रोज रात्री ती बघतो.