आपुलकीपोटी की मोबदल्यासाठी?

शेजारच्या काकूंचं पत्र टपालात टाकायचंय. आपुलकीपोटी घेतलं तर जास्त लक्षात राहील, की चार पैसे मिळणार म्हणून? दोन्ही एकत्र असले तर उत्तमच, असं आपल्याला वाटतं. पण मानसशास्त्रज्ञ मारिया ब्रांदिमोन्ते आणि सहकाऱ्यांच्या २०१०च्या संशोधनात परोपकाराला किरकोळ बक्षीस जोडल्यावर काम लक्षात राहण्याचं प्रमाण घटलं! मला हे पटतं. क्षुल्लक मोबदल्याने मदतीचा व्यवहार होतो आणि व्यवहार म्हणून तो फारच फुटकळ ठरतो. घसघशीत मोबदल्याची गोष्ट वेगळी.

तरी नुसती आपुलकी पुरत नाही. घाईत जिवाभावाच्या माणसाचं कामही राहून जातं. म्हणून पत्र चपलांवरच ठेवावं आणि मनाशी पक्कं करावं: चपला घालताना ते उचलायचं.