सासऱ्यांचे रिपोर्ट आणि आभा ॲप: काही महिन्यांनंतर

सासऱ्यांना मधुमेह आणि बीपी आहेच, त्यात गेल्या वर्षी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढायला लागलं. फॅमिली डॉक्टर नेरूळमध्ये, किडनीचे डॉक्टर वाशीला, रक्त तपासायचं तिसरीकडेच. म्हणून सगळे रिपोर्ट फोनवर एकत्र दिसावेत यासाठी दिवाळीपासून आभा हे सरकारी आरोग्य ॲप वापरतेय.

सोसायटीत हमखास गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगते: आभा म्हणजे पाच लाखांचे उपचार मिळणारं आयुष्मान कार्ड नव्हे. हा नुसता १४ अंकी आरोग्य क्रमांक. सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्डही वेगळं.

आधारवरून क्रमांक पटकन निघतो. फक्त ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो आणि बाबांचा फोन कायम उशीखाली, सायलेंटवर.

खरी अडचण पुढे. सगळे रिपोर्ट आपोआप ॲपमध्ये येऊन पडतील असं मला वाटत होतं. तसं होत नाही. रिपोर्ट कुठल्या एका सरकारी सर्व्हरवर साठत नाहीत, जिथे तपासणी झाली तिथेच राहतात. ॲप ते तिथून मागवून दाखवतं. त्यासाठी ती लॅब आभाशी जोडलेली हवी. आमची जवळची लॅब नाही. बाबा ज्या रुग्णालयात दाखल होते ते जोडलेलं आहे, तरी सुरुवातीला काहीच सापडेना. शोध नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल नंबर जुळवून होतो आणि दाखल करताना काउंटरवर उभ्या असलेल्याचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, नंबर लागला होता. तिथे बाबांचा नंबर घालून घेतल्यावर डिस्चार्ज समरी दिसली. त्यामुळे नोंदणीला पेशंटचाच नंबर द्या आणि नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच लिहायला लावा.

परवानगीची सोय मला मनापासून आवडली. कोणते रिपोर्ट, कोणत्या काळातले आणि किती दिवसांपर्यंत दाखवायचे हे आपण ठरवतो, दिलेली परवानगी मागेही घेता येते. प्रत्यक्षात किडनीच्या डॉक्टरांनी सरळ माझा फोन हातात घेतला आणि बोटाने वर सरकवत वाचलं! क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढता येतो तिथे मात्र नाव-वय-पत्ता सांगायचा त्रास वाचतो.

फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी अजून पेनानेच. तिचे फोटो मी तारखेनुसार अल्बममध्ये ठेवते, प्लास्टिकची फाईलही टाकलेली नाही. क्रिएटिनिन आणि एचबीएवनसीचे (तीन महिन्यांची सरासरी साखर) आकडे एका वहीत तारखांसह उतरवलेत. वाढ कधीपासून सुरू झाली हे डॉक्टरांना त्या एका पानावर कळतं, दहा पीडीएफ उघडून कळत नाही.

एकूण, मोठ्या रुग्णालयांत जाणं-येणं असेल तर आभा काढाच. गल्लीतल्या लॅबवर भिस्त असेल तर घाई नाही. परवा एका नव्या लॅबमध्ये विचारलं, "आभाला जोडलेले आहात का?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "ताई, व्हॉट्सॲपवर पाठवते ना!"