डॅट्सन २४०झेड: मूळ रूपात आणायची, सुधारून चालवायची, की इंजिनच बदलायचं?

गाडी दारात आली की चर्चा लगेच इंजिनावर जाते. मूळ एल२४ इंजिनाचं ओव्हरहॉल करू, त्याच घराण्यातलं मोठं एल२८ टाकू, नाहीतर थेट स्कायलाइन जीटी-आरचं टर्बोवालं आरबी२६ बसवू. माझं मत आधीच सांगतो: निर्णय इंजिनावरून करू नका, पत्र्यावरून करा. आणि जो बदल नटबोल्ट खोलून परत फिरवता येतो तो, आणि ज्यासाठी कापाकापी नि वेल्डिंग लागतं तो, हे दोन एका मापाने मोजू नका. मूळ की सुधारित, हा वाद त्यापुढे दुय्यम आहे.

निसानची (डॅट्सन हा तिचाच ब्रँड) ही स्पोर्ट्स कार ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये फेअरलेडी झेड म्हणून आली आणि अमेरिकेत १९७० च्या मॉडेलपासून २४०झेड म्हणून विकली गेली, किंमत ३,५२६ डॉलर. २३९३ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, वर एकच कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), दोन एसयू धाटणीचे हिताची कार्ब्युरेटर, त्या काळच्या ग्रॉस मोजणीने (म्हणजे इंजिन गाडीबाहेर, जोडसामान न लावता मोजून) १५१ अश्वशक्ती. वजन जेमतेम एक टनाच्या वर. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. १९७१ आणि १९७३ ची पूर्व आफ्रिकन सफारी रॅली हिनेच जिंकली. म्हणजे मूळ गाडी कच्ची नव्हती, हे सुधारणा करायला निघताना लक्षात असावं.

आधी पत्रा

या गाडीचा खरा शत्रू गंज. पुढच्या सीटखालची जमीन, तिच्या खालून जाणारे चॅसीचे रेल, बॅटरीच्या ट्रेखालचा भाग (आम्ल ठिबकून तिथला पत्रा चाळणीसारखा होतो), मागच्या चाकापुढचा दाराखालचा कोपरा, स्टेपनीचा खड्डा, मागच्या दिव्यांमागचं पॅनेल. हे सगळं गाडी वर उचलून, हातात टॉर्च घेऊन पाहायचं. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ रेलवर ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, पुटी आणि अंडरकोटखाली कुजलेला बद्द आवाज करतो. काचेखालच्या जाळीतून पाणी वाहून जायची वाट तुंबलेली असेल, तर आतल्या बाजूने काय झालंय ते डॅशबोर्ड काढल्याशिवाय कळतच नाही.

इथे तिन्ही वाटांची तुलना करायला फारसं काही नाही, कारण पत्राकामाचा खर्च तिन्हीकडे सारखाच आहे आणि बहुतेक वेळा तोच सर्वात मोठा आहे. ‘मूळ रूप परवडत नाही, म्हणून सुधारित करतो’ हे म्हणूनच मला कधी पटलेलं नाही. रेल कुजलेले असतील तर वर कुठलंही इंजिन ठेवा, पैसे आधी खालीच जाणार.

इंजिन: एल२४ की एल२८?

मूळ एल२४ चांगलं बांधलं तर आजही गोड चालतं. पण ते बांधणाऱ्याला एल मालिकेच्या खोडी ठाऊक हव्यात. हेड घासून सपाट केलं की ते ब्लॉकच्या जवळ येतं, टायमिंग चेन तेवढी सैल पडते आणि कॅम मागे पडतो. त्यासाठी कॅमच्या गिअरला कारखान्यानेच तीन भोकं दिली आहेत. एकवरून दोनवर, गरज पडल्यास तीनवर सरकवायचं. हे न करता गाडी ‘मंदच वाटते’ म्हणून कार्ब्युरेटर छळणारे बरेच भेटतात. दुसरी खोड: व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर कॅमवर घासत चालतात, रोलर नाहीत. नव्या कॅमला पहिल्या चालीत जस्ताचं प्रमाण भरपूर असलेलं तेल मिळालं नाही, तर कॅमचा उंचवटा (लोब) बघता बघता झिजतो. टॅपेटची फट थंड इंजिनवर इनटेकला ०.२० आणि एग्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर.

एल२८ हे त्याच घराण्यातलं, पुढे २८०झेडमध्ये आलेलं इंजिन. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ चं ८६ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७३.७ चा ७९, क्षमता २७५३ सीसी. ते त्याच माउंटवर बसतं, तोच गिअरबॉक्स घेतं, तेच दोन कार्ब्युरेटर वर लागतात. बॉनेट उघडल्यावर जाणकारालाच फरक कळेल. चढावर आणि तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मात्र तो पायाला लगेच जाणवतो. आणि मूळ एल२४ तेल लावून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं की उद्या ते परत बसवता येतं. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी माझा कौल या बदलाला आहे.

त्यापुढे जाऊन एलडी२८ डिझेल इंजिनाचा ८३ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक आणि ८९ मिलिमीटरचे पिस्टन घालून ३.१ लिटर करण्याचा जुना नुस्खा आहे. जोर झकास मिळतो, पण तो क्रँक शोधण्यात आणि मशिनिंगमध्ये जाणारा पैसा ब्रेक-सस्पेन्शनवर घातला तर गाडी जास्त सुधारेल. तीन वेबर किंवा मिकुनी कार्ब्युरेटरचंही तसंच. आवाज अंगावर काटा आणतो, हे मान्य. पण जेट जुळवायला जाणता हात आणि सवड दोन्ही हवं. दोन हिताची नीट जुळले की महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. अपवाद १९७३ च्या चपट्या डोक्याच्या कार्ब्युरेटरचा. गरम झाल्यावर पेट्रोलची वाफ धरून ते अडतात, म्हणून मूळ रूपाचे आग्रही लोकही तिथे आधीच्या वर्षांचे गोल डोक्याचे लावतात. काढलेले मात्र टाकू नका.

ब्रेक आणि सस्पेन्शन

पुढे डिस्क, मागे ड्रम. नवे होज, नवे व्हील सिलिंडर, नीट बसवलेले शू, एवढं केलं तर मूळ ताकदीच्या इंजिनाला हे ब्रेक पुरतात. एल२८ सोबत पुढे जुन्या टोयोटा फोर-बाय-फोर पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर लावण्याची पद्धत रुळलेली आहे आणि ती मला योग्य वाटते, कारण ते मूळ जागीच बसतात, परत काढताही येतात. मागे डिस्क लावायची घाई नको. बहुतेकांना ती चाकातून दिसते म्हणून हवी असते, आणि पुढचं-मागचं प्रमाण बिघडलं तर मागची चाकं आधी लॉक होतात.

सस्पेन्शनचं काम काढण्याआधी मागच्या स्पिंडल पिनची मानसिक तयारी ठेवा. स्ट्रटच्या तळातून आडवी जाणारी ही लांब पिन मधोमध एका खिट्टीने अडवलेली असते आणि पन्नास वर्षांत आत गंजून एकजीव होते. हातोड्याने ठोकली की टोकाचे आटे पसरतात, मग ती कुठल्याच बाजूने निघत नाही. पुलर लावायचा, नाहीतर सरळ प्रेसवर न्यायची. शेवटी कापावीही लागते, म्हणून नव्या पिना आधीच मागवून ठेवलेल्या बऱ्या. मूळ रूप असो की सुधारित, यातून कोणी सुटत नाही.

सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या बुशमध्ये मात्र वाटा वेगळ्या होतात. रबर मऊ, शांत आणि आरामाचं. पॉलियुरेथेन कडक, वळणावर नेमकं. पण पुढच्या टेन्शन रॉडला (चाक पुढेमागे सरकू न देणारा दांडा) दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेन कधी लावू नका. रॉडला हलायला जागा राहत नाही आणि तो मोडल्याची उदाहरणं आहेत. चालत्या गाडीचा टेन्शन रॉड तुटणं म्हणजे पुढचं चाक हातातून गेलं. तिथे रबरच ठेवा.

वायरिंग

इथे मी मूळ रूपाचा आग्रह अजिबात धरत नाही. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, रिले नाही. जुने जोड तापतात, फ्यूजबॉक्सचं प्लॅस्टिक वितळतं. रिले लावा, नंतरच्या २८०झेडएक्स मॉडेलचा आतल्या रेग्युलेटरचा ६० अँपिअरचा अल्टरनेटर लावा, ठिणगीचे जुने यांत्रिक पॉइंट काढून त्याच २८०झेडएक्सचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घाला. तिन्ही गोष्टी मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) न कापता करता येतात, आणि रात्री भर रस्त्यात अंधार होण्याची भीती जाते.

किंमत

मूळ रूपाचा बाजार वेगळाच आहे. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन लिलावात फार कमी चाललेली १९७१ ची २४०झेड ३,१०,००० डॉलरला गेली. तो अपवादच, पण ओढा कुठे आहे ते कळतं. निसाननेही १९९७ मध्ये जुन्या २४०झेड विकत घेऊन, मूळ रूपात आणून, आपल्या डीलरकडून साधारण २५,००० डॉलरला विकल्या होत्या. त्यामुळे तुमची गाडी सुरुवातीच्या वर्षांतली असेल, ब्लॉकवरचा क्रमांक इंजिनकप्प्यातल्या पट्टीशी जुळत असेल आणि पत्रा शाबूत असेल, तर तिला मूळ रूपातच आणा. अशा गाड्या आता कमी होत चालल्या आहेत आणि एकदा कापलेली पुन्हा तशी होत नाही.

क्रमांक जुळत नसेल, रंग आधीच बदललेला असेल, तर एल२८, पाच गिअरचा बॉक्स, सुधारलेले ब्रेक, रिले अशी गाडी करा आणि मनसोक्त चालवा. लांबच्या प्रवासात पाचवा गिअर इंजिनाचे फेरे उतरवतो, हा सुखाचा भाग मूळ अमेरिकन चार गिअरच्या गाडीत नाही.

आणि आरबी२६

हे १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमधलं २५६८ सीसीचं, दोन टर्बोंचं इंजिन. कागदावर २८० अश्वशक्ती, प्रत्यक्षात वाढवायला वाव भरपूर. पण ते एकटं येत नाही. नवे माउंट, बदललेला तेलाचा चेंबर, नवा प्रॉपेलर शाफ्ट, मोठा रेडिएटर, इंधनाची पूर्ण नवी व्यवस्था, मूळ आर१८० च्या जागी आर२०० डिफरन्शियल, त्याला साजेसे ब्रेक आणि सगळ्यात शेवटी या पातळ पत्र्याच्या सांगाड्याला वेल्ड केलेल्या पट्ट्या, कारण त्याशिवाय तो पिळवटतो. नाकावर वजन वाढतं, आणि २४०झेडचं हलकं, सहज वळणारं वागणं, जे मला तिच्यात सर्वात जास्त आवडतं, तेच कमी होतं. आधीच्या मालकाने रेल कापलेले असतील, इंजिनकप्पा बदललेला असेल, मूळ इंजिन केव्हाच गेलेलं असेल, अशा सांगाड्यात ते बसवायला माझी काहीच हरकत नाही. तिथे नवीन काहीच बिघडत नाही, आणि इंजिन नीट बसवलं तर त्या गाडीला रस्त्यावर आणखी बरीच वर्षं मिळतात.