हवा लीकच्या नावाखाली २४,८०० ला गंडवलं, पारोळा-धुळे रोडच्या गाडीवाल्यांनो वाचा

सावद्याहून केळी भरून सुरतला चाललो होतो, पारोळा सोडलं आणि ब्रेक दाबला की हवेचा काटा झपझप खाली यायला लागला, आणि ट्रकचा ब्रेक तर हवेच्या दाबावरच चालतो. पुढे कोंडाईबारी घाट, अशी गाडी घाटात घालायची कोणाची छाती आहे? म्हणून ढाब्याशेजारच्या एअर ब्रेकवाल्याकडे लावली.

हा गडी थेट पुढे ड्रायरपाशी, म्हणजे ब्रेकच्या हवेतलं पाणी काढणाऱ्या डब्यापाशी. इंजिन चालू ठेवायला लावलं, ८ बारच्या आसपास प्रेशर झालं की ड्रायर फुस्स करून हवा सोडतो हे रोजचंच, यानं नेमका त्याच भोकाला साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे दाखवून म्हणतो, "भो, तुनी गाडीना ड्रायर गया, कॉम्प्रेसरबी गया." अरे हवा भरणारा कॉम्प्रेसरच गेला असता तर काटा ८ वर चढला कसा?

खरं तिथंच सगळं उघडं पडलं होतं. इंजिन बंद होतं, क्लिनरनं ब्रेक दाबून धरला तर मागच्या डाव्या चाकातून सूं सूं आवाज, मी माझ्या कानानं ऐकला आणि बोललोही. तर हा म्हणे एक्झॉस्ट आहे, म्हणजे ब्रेकची वापरलेली हवा बाहेर पडतेय. एक्झॉस्ट पाय उचलल्यावर फुसकतो, दाबून धरलेला असताना नाही!! पण वर केळी तापतेय, पार्टीचे फोनवर फोन, रात्र झालेली, अशा वेळी माणूस मेकॅनिकशी किती वाद घालणार?

ड्रायर ११,५००, कॉम्प्रेसरचं हेड-किट ६,८००, प्रोटेक्शन व्हॉल्व्ह ४,२००, मजुरी २,३००. सगळे फोनवरून दिले, बिल म्हणून कोरी चिठ्ठी, जीएसटी नंबर नाही काही नाही. जुना माल त्यानं ठेवून घेतला. जुना पार्ट कधीच सोडू नका.

साक्रीपर्यंत काटा परत तसाच. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं चाकाला दगड लावले, पेडलला दांडा अडकवला आणि साबणाचं पाणी घेऊन खाली शिरला, मागच्या चेंबरच्या (चाकाजवळचा ब्रेक लावणारा हवेचा डबा) पट्ट्यातून फेस उकळ्या मारत होता. डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, फाटलेला. मजुरीसकट ६०० रुपये! नवा म्हणून बसवलेला ड्रायर नखानं खरवडला तर रंगाखाली जुना गंज.

चौकीत गेलो तर "आमची हद्द नाही", दुसऱ्या चौकीत "हा दिवाणी मामला". १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात हद्द नसली तरी दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यावी लागते, हे मी सांगितलं तर साहेब मलाच म्हणे वकील आहेस का. सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन केला तर म्हणे पैसे तुम्हीच दिलेत. मग काय, गळ्यावर सुरी ठेवली तरच फसवणूक का? एकानं तर ट्रक धंद्याचा म्हणून तुम्ही ग्राहकच नाही असंही ऐकवलं. साफ खोटं, पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक कायद्यात ग्राहकच आहे, ५ लाखांपर्यंत ग्राहक आयोगात फी नाही, मुदत २ वर्षं. आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा, मी नोंदवलंय.

आणि ब्रेक दाबल्यावरच हवा उतरत असेल तर कोणालाही ड्रायरला हात लावू देऊ नका, आधी चेंबर आणि फूट व्हॉल्व्ह (ब्रेक पेडलखालचा) बघायला लावा. त्या पट्ट्यात अजून कोणाला अशी कोरी चिठ्ठी मिळाली असेल तर फोटो पाठवा, तक्रार एकत्र करू.