नोकरी करता करता पोस्ट बेसिक: माझे ७८,८०० रुपये गेले

आमच्या वॉर्डातल्या ज्युनिअर सिस्टरला परवा मला आला होता तसाच फोन आला, "ताई, ड्युटी सांभाळून पोस्ट बेसिक बीएससी करा, दोन वर्षांत इन्चार्ज व्हाल", म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय. घरी अजून सासूबाईंना पूर्ण आकडा माहीत नाही.

मी जीएनएम आहे, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा; पोस्ट बेसिक बीएससी ही त्यानंतरची डिग्री. अकरा वर्षं झाली प्रायव्हेट हॉस्पिटलला. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली डिग्रीच्या जोरावर इन्चार्ज झाल्या आणि मी अजून नाईट करतेय. रजा घेऊन रेग्युलर कॉलेज करायचं तर पगार बंद, मग घर कोण चालवणार? त्यामुळे लालच होती म्हणून फसली असं कुणी म्हणू नका, मला शिकायचंच होतं.

रजिस्ट्रेशन २,५००, मग प्रत्येकी २८,००० चे दोन हप्ते (पहिला बचत गटातून उचलून), परीक्षा फी ६,५००, मायग्रेशन सर्टिफिकेटचे ४,८००, आणि शेवटी "व्हेरिफिकेशन" म्हणून ९,०००. सगळं यूपीआयने, आणि दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण खरी चूक त्याच्याही आधीची.

मला ॲडमिशन देणाऱ्या काउन्सिलरला मी विचारलं होतं, क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रॅक्टिकल, कुठे? तो म्हणाला, "मॅडम तुम्ही रोज पेशंट बघताच ना, मेट्रनचं अनुभवाचं पत्र द्या, तेच क्लिनिकल." आणि मी हो म्हटलं! जीएनएमला एकेक डिलिव्हरी लॉगबुकात लिहून मॅडमची सही घ्यायला तासनतास उभी राहिलेली मी, पेशंटच्या बेडजवळ बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर घाम फुटलेली मी, मला कळायला नको होतं का की पेशंटला हात न लावता नर्सिंगची डिग्री मिळत नाही? कळत होतं. रात्रपाळीहून आले होते, त्यात दुसऱ्या दिवशी ॲडमिशन बंद होणार असं तो सांगत होता, मी मनाला समजावलं. पुढे पेपर व्हॉट्सॲपवर आला तोही उत्तरांसकट, तरी गप्प बसले कारण तोवर पैसे अडकले होते.

मार्कशीट घेऊन नर्सिंग कौन्सिलमध्ये रजिस्ट्रेशनला गेले तर खिडकीवरच्या बाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या हे चालत नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या ऑनलाइन आणि डिस्टन्सच्या नियमांत नर्सिंगला परवानगीच नाही, हे मला तेव्हा कळलं. ऑनलाइन तर विद्यापीठ खरं असलं तरी नाही. कुणी "यूजीसी अप्रूव्हड ऑनलाइन नर्सिंग" म्हणालं की फोन ठेवा.

पोलीस स्टेशनला चार चकरा मारल्या. पहिल्यांदा म्हणाले त्यांचं ऑफिस दुसऱ्या राज्यात, आमची हद्द नाही. मग म्हणाले तुम्ही स्वतःहून पैसे दिलेत, सिव्हिल मॅटर आहे. मग साहेब बंदोबस्ताला. चौथ्यांदा एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "शिकलेल्या असून कशा फसता हो?" ड्युटी बदलून, हाफ डे कापून घेऊन गेले होते मी हे ऐकायला! मावसभाऊ वकिली करतो, त्याने सांगितलं हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते, बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३. ते सांगितल्यावर साधा अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला, एफआयआर नाहीच. बँक म्हणते व्यवहार तुम्हीच केलाय. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी फोन केला तोवर आठ महिने उलटून गेले होते, तुम्ही त्याच दिवशी करा, काही तासांत केला तर पैसे अडवता येतात.

फी कधीच कुणाच्या वैयक्तिक खात्यावर भरू नका. कॉलेज कुठलंय ते विचारा, तिथे जाऊन वर्ग, लॅब, पोस्टिंगचं हॉस्पिटल डोळ्यांनी बघा, नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव शोधा. कॉल रेकॉर्ड ठेवा, माझ्याकडे एकही नाही.

आणि ओरिजिनल कुरिअर करू नका, हात जोडून सांगते. व्हेरिफिकेशनला म्हणून माझी जीएनएमची मार्कशीट त्यांनी मागवून घेतली. डुप्लिकेट काढायला पोलिसांचा दाखला लागतो, आणि पोलीस म्हणतात हरवली कुठे, तुम्हीच तर पाठवलीत.